थोरल्या धन्याचा चेहरा

बेळगुंदकर बाईंसमोर बसायची सोय नव्हती. कुणी खुर्ची ओढून समोर बसलं की त्या उठायच्या, आपली खुर्ची त्याच्या कडेला आणून ठेवायच्या आणि त्याचा गाल, कान, नाकाचा बाक न्याहाळत गप्पा सुरू करायच्या. तो बावचळून त्यांच्याकडं वळला की म्हणायच्या, "तुम्ही तिकडंच बघा हो, मला ऐकू येतंय." आमच्या शाळेत बदलून आलेल्या एका सायन्सच्या सरांनी या प्रकाराचा भलताच अर्थ काढला आणि बरेच दिवस स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं नाही. बाईंना त्याचं काहीच नव्हतं. "नाक चांगलं होतं त्यांचं," एवढंच म्हणाल्या.

बाई चित्रकला शिकवायच्या, मी भूगोल. शाळा बेळगावातली, शहापूर भागातली. मी येळ्ळूरची, म्हणजे तोंडाळ, आणि बाई मोजकं बोलणाऱ्या. आमचं जमलं कसं याचं सगळ्यांना नवल. निवृत्तीनंतरही भाजी घेऊन येताना मी रोज त्यांच्याकडं डोकवायची. बाई जाऊन आता वर्ष होईल. माणूस गेल्यावर त्याच्या आठवणी गोड होत जातात म्हणे. माझं तसं झालेलं नाही. बाईंचा शेवटचा दसरा आठवला की निपाणीकडच्या त्या गावाचा अजून राग येतो. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्याचं नाव मध्यंतरी पेपरात पुरेसं येऊन गेलंय.

"समोरून माणूस तयारीत असतो, शालन," बाई मला म्हणायच्या. "आपल्याकडं कुणीतरी बघतंय हे त्याला ठाऊक असतं. कडेनं बघितलं की तो सापडतो." हे त्यांना शिकवलं होतं जुन्या राजांच्या चित्रांनी. वहीच्या पानाएवढ्या कागदावरची ती बारीक चित्रं तुम्हीही कुठंतरी पाहिली असतील. राजा लोडाला टेकून बसलाय, एका हातात गुलाबाचं फूल, कमरेला कट्यार, डोक्यामागं सोनेरी वलय, आणि चेहरा हमखास एका बाजूनं. मे महिन्याच्या सुट्टीत राजस्थानात जाऊन एका म्हाताऱ्या चित्रकाराकडं बाई हे काम शिकल्या होत्या. आम्ही इकडं पापड वाळत घालायचो तेव्हा या बाई तिकडच्या उन्हाळ्यात बसून कुठल्या तरी राजाच्या मिशीचा एकेक केस काढायच्या.

मिशीचा केस काढायला ब्रशही तसाच लागतो. पूर्वी तो खारीच्या शेपटीच्या केसांचा करत. ते आता कायद्यात बसत नाही, आणि बाईंच्या मनालाही पटत नव्हतं, म्हणून त्यांची नजर माझ्या मांजरीवर पडली. घरी आल्या की आधी मनीची चौकशी. तिला मांडीवर घ्यायच्या, लाडीगोडी लावायच्या आणि पिशवीतनं हळूच नखं कापायची कात्री काढायच्या. शेवटी शेवटी बाईंचा आवाज फाटकात ऐकला की मनी कपाटावर चढून बसायची. "राजाच्या कामाला येतेयस, येडे," बाई खालून तिची समजूत घालायच्या.

आमचे हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर बाईंनी काढलेलं चित्र द्यायचं ठरलं. बाईंनी सरांना थेट राजाच केलं. मांडी घालून बसलेत, हातात फूल, पाठीशी लोड, आणि पुढं आलेली हनुवटी जशीच्या तशी. सर खूश झाले. मग त्यांनी चित्र जरा लांब धरून विचारलं, "बाई, राजांच्या डोक्यामागं ते गोल असतंय की, ते कुठाय?" बाई म्हणाल्या, "ते राज्य असणाऱ्यालाच काढतात, सर. तुमचं मार्चअखेर संपलं." सभागृह हसलं, सरही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता. चित्रात काय असावं आणि काय नसावं, याबाबतीत त्या कुणाच्या बापाला ऐकणाऱ्या नव्हत्या.

आणि नेमकं त्याच गोष्टीवर एक अख्खं गाव त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं.

श्रावणाचे दिवस होते. मी बाईंकडं पोहे खात बसले होते, तेवढ्यात अण्णा देसाई आले. सत्तरी ओलांडलेले, धोतर, काळी टोपी, छातीशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. त्यांची मुलगी एकेकाळी आमच्या शाळेत बाईंच्या हाताखाली शिकली होती. अभ्र्यातनं त्यांनी एक लाकडी चौकट काढली. काच दारासारखी उघडणारी. आत राजाचं जुनं चित्र. पांढरा अंगरखा, त्यावर सोन्याची बारीक बुट्टी, हातात फूल, तलवारीची मूठ, सगळं झळझळीत. आणि चेहऱ्याच्या जागी तांबडाकाळा लगदा.

"आमचा थोरला धनी," अण्णा म्हणाले. "गावचं तळं यानं बांधलं, गाव यानं वसवलं. नाव कुणाला ठावं न्हाय. मराठी लोक थोरला धनी म्हणत्यात, कानडी लोक दोड्ड धणी. दसऱ्याला याची पालखी निघती. पयलं कुंकू आमच्या घरानं लावायचं, मागनं गावानं, वयानं थोर आधी."

"काचेवर?" बाईंनी विचारलं.

"काच उघडून. कपाळाला."

पिढ्यान्पिढ्या गावानं राजाच्या तोंडाला कुंकू लावलं होतं. तेलात कालवलेलं, बोटानं दाबून. भक्तीनंच तोंड खाल्लं होतं म्हणायचं. बाई अंगठ्याएवढ्या त्या डागाकडं बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी नकला केल्या होत्या, छापील पुस्तकांत बघून चित्रं काढली होती. जुनं, खरं चित्र त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होतं.

पण अण्णा चित्र घेऊन आले होते ते गरजेपोटी. गावाच्या तोंडाशी कमान उभारायची होती, तिच्यावर धन्याचा मुखवटा बसवायचा होता. मराठी पोरांचा पुढारी दत्ता, हायवेवर त्याचं जेवणाचं हॉटेल. कानडी पोरांचा पुढारी बसू, त्याचं खताचं दुकान. दोघं एका बाकावर शिकलेले. दत्ताचं म्हणणं, धनी मराठा सरदार होता. बसूचं म्हणणं, कानडी नायक होता. गावाच्या पाटीला दोनदा काळं फासून झालं होतं, एकदा यांनी, एकदा त्यांनी. एका घराच्या कौलांवर दगड पडले होते. मग पंचांनी तोड काढली, की चित्र साफ करून घ्यायचं, कुंकवाखालनं जो चेहरा निघेल, जशी मिशी, जसं गंध, तो कमानीवर बसवायचा. त्यावर कुणी बोलायचं नाही. आणि काम बेळगुंदकर बाईंना द्यायचं. त्यांचे वडील मराठी, आई गोकाककडची कानडी, घरात भांडणं मराठीत आणि लाड कानडीत, हे अण्णांच्या लेकीनं गावात सांगून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना त्या चालत होत्या.

"दसऱ्याआधी चेहरा पायजे, बाई," अण्णा हात जोडून म्हणाले. "न्हायतर यंदा पालखीत डोकी फुटत्यात."

मी टेबलाखालनं बाईंचा पाय दाबला. नाही म्हणा, हा त्याचा अर्थ. मी येळ्ळूरची आहे. मराठी-कानडी पाटीवरनं काय काय होतं ते मी जवळनं बघितलंय. बाईंनी पाय बाजूला घेतला आणि चित्र दोन्ही हातांनी उचललं.

मग सुरू झालं ते काम. खिडकीखाली जमिनीवर बसायचं, एक गुडघा वर, त्यावर पाट, पाटावर चित्र. बांबूच्या काडीला चिमूटभर कापूस गुंडाळायचा, तो जिभेवर टेकवायचा आणि तिळाएवढ्या जागेवरनं फिरवायचा.

"अहो, थुंकी?" मी किंचाळलेच. "राजाच्या तोंडावर?"

"पाण्यानं रंग सुटतो. थुंकीनं मळ सुटतो. माझ्या गुरूंनी असंच शिकवलं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "निपाणीत बोलू नकोस म्हणजे झालं."

रोज सकाळी गेले की तांबड्या डागाची कड केसभर आत सरकलेली असायची. वापरलेला कापूस बाई टाकत नव्हत्या, एका स्टीलच्या डब्यात ठेवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय काय निघालं ते कळायला हवं." रोज दुपारी दत्ताचा फोन यायचा, त्यापाठोपाठ बसूचा. दोघंही गोड बोलायचे आणि गोड बोलून भीती घालायचे. "मिशी निघाली व्हय, बाई? मराठमोळीच निघणार बघा. न्हाय निघाली तर पोरं काय करतील सांगता येत न्हाय, मी आपला आधीच सांगून ठेवतो." बसू म्हणायचा, "बाई, तुमच्यावर विश्वास हाय. विश्वास तुटला की लई वाईट असतंय." फोन ठेवल्यावर बाई जरा वेळ हात मांडीवर ठेवून बसायच्या. मगच पुन्हा काडी उचलायच्या.

एका सकाळी गेले तर बाई काम सोडून नुसत्या बसल्या होत्या. मला भिंग दिलं. मी वाकून पाहिलं. डाग निम्मा गेला होता. पागोट्याखाली, जिथं कान असायला हवा, तिथं एक मोती होता. टपोरा, त्यावर प्रकाशाचा ठिपकासुद्धा. भोवती पांढरा कागद.

"कानातला मोती आहे," बाई म्हणाल्या. "कान नाही."

मला काही उमगेना. बाईंनी समजावलं. या चित्रांचे कारखाने असायचे. राजाचं अंग सगळ्यांना सारखंच. सुईनं टोचे मारलेला नमुन्याचा खाका कागदावर ठेवायचा, कोळशाची पूड झटकायची, की बसलेला राजा तयार. शिकाऊ हातांनी अंगरखा, दागिने, लोड रंगवून ठेवायचं. चेहरा तेवढा ज्याचा त्याचा, आणि तो घालायचा मान कारखान्यातल्या उस्तादाचा. तो सगळ्यात शेवटी यायचा.

"आला नाही तो," बाई म्हणाल्या. "मेला असेल, कारखाना मोडला असेल, काय झालं कुणास ठाऊक. हे चित्र अर्धवट राहिलं आणि गावानं धनी म्हणून पूजलं. कुंकवानं चेहरा गेला नाही, शालन. चेहरा नव्हताच."

राजाचा चेहरा हरवला तर शोधता येतो. नव्हताच हे त्या गावाला कोण सांगणार? आणि सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, तो बाईंवरच. तुम्हीच घासून घालवला नाही कशावरून?

अण्णांना बोलावून घेतलं. त्यांनी भिंगातनं बराच वेळ पाहिलं आणि मग शर्टाच्या खिशातनं फोन काढला. त्यात त्यांच्या वडलांचा फोटो होता.

"ह्यो घाला, बाई. पयलं कुंकू लावणाऱ्या घरचंच रक्त हाय. तुम्ही, मी आन् ह्या टीचर, तिघांशिवाय कोणाला कळतंय? गाव वाचंल."

"घाला की," मीही म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. "तुमच्या हाताला येतंय ते. खोटं असलं तर असू दे. डोकी फुटण्यापेक्षा बरं."

बाईंनी कपाटातनं कागद काढून आमच्यापुढं टाकले. सगळ्या कागदांवर कडेनं काढलेले चेहरे. नाकं, मिशा, जिवण्या, एकापेक्षा एक. "मोती दिसल्यापासून हेच करतेय," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काल सकाळी ब्रशसुद्धा भिजवला होता. तो जो कोण उस्ताद आला नाही, त्याची जागा रिकामी आहे आणि मला तिथं बसता येतं, अण्णा. आयुष्यभर मी याच जागेची वाट बघितली. पण तो माणूस बघून काढणार होता. मी कुणाला बघू? मी मिशी काढली तर दत्ता जिंकणार, आडवं भस्म काढलं तर बसू. मग राजा तुमचा नव्हे, माझा."

अण्णांनी फोन परत खिशात ठेवला. बाईंनी उरलेल्या निम्म्या डागाला हात लावायचा नाही असं ठरवलं. "हा अर्धा तुमच्या गावात काढायचा," त्या म्हणाल्या. "दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

रविवारी सकाळी माझ्या जुन्या मारुतीतनं आम्ही निघालो. काकती, हत्तरगी, संकेश्वर. बाईंच्या मांडीवर चित्र. गावात लक्ष्मीच्या देवळात माणूस मावत नव्हतं. एका अंगाला दत्ताची माणसं, एका अंगाला बसूची, मध्ये जेमतेम एक सतरंजी. बाहेर पोलिसांची गाडी. हॉटेलातला मोठा टीव्ही दत्तानं देवळात आणून लावला होता. बाईंच्या डोक्याच्या वर तुळईला एक मोबाइल अडकवला, म्हणजे त्यांची काडी आणि धन्याचा डाग सगळ्या गावाला टीव्हीवर दिसावा.

देवळात थुंकी लावायची सोय नव्हती, आणि पाण्यानं सुटायला खाली रंग नव्हताच. बाईंनी पाण्याचा एकेक थेंब घेऊन काम सुरू केलं, आणि ते हळू चाललं. भयंकर हळू. टीव्हीवर कापसाचा बोळा ढगाएवढा दिसत होता. तो फिरायचा, तांबडं उचलायचा, आणि खाली पांढरं उरायचं.

"निधान, बाई, हळू हळू," बसू म्हणाला. "जोरात घासू नका."

"तिनं काय जोरात घासलंय रं?" दत्ता खेकसला.

"तू गप. मी बाईंशी बोलतोय."

बाईंनी काडी उचलून धरली. दोघं गप्प झाल्यावरच खाली टेकवली. कपाळाची जागा मोकळी झाली. पांढरी. नाकाची जागा. पांढरी. मी लोकांच्या तोंडाकडं बघत होते. आधी उत्सुकता होती, मग शंका, मग काहीतरी वेगळंच जमायला लागलं. शेवटचा तांबडा ठिपका निघाला तेव्हा टीव्हीवर पागोटं होतं, मोती होता, गळ्यातला कंठा होता आणि मध्ये कोरा कागद.

मग एकदम सगळे उठले.

"हिनं पुसला! घरातच पुसून आणलाय!"

"कानडी बाईनं मराठी राजा पुसला!"

"मराठी बाईनंच पुसलाय बे!"

दत्तानं बाईंचं मनगट धरलं. उजवं, कामाचं. मी त्याच्या हातावर चापट मारली, पण त्यानं सोडलं नाही. बाईंनी हिसडा दिला नाही. डाव्या हातानं स्टीलचा डबा उघडला आणि पालथा केला. सतरंजीवर कापसाचे शेकडो बोळे पडले.

"चेहऱ्याला रंग असतो, दत्ता," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं. "गव्हाळ, सावळा, कसला तरी. तो पुसला असता तर कापसाला लागला असता. मिशी पुसली असती तर काळं निघालं असतं. सगळे बोळे बघा. कुंकवाशिवाय काही सापडलं तर मी इथंच बसलेय."

दत्तानं मनगट सोडलं आणि खाली बसला. पलीकडनं बसू बसला. दोघं बोळे एकेक उचलून उजेडाला धरायला लागले. तांबडा, तांबडा, तेलकट तांबडा. एकदा दोघांनी एकच बोळा धरला आणि दोघांनीही तो सोडला. काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणून कुणी मान्य केलं असंही नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मागच्या काचेवर दगड बसला. मारला कुणी, मराठीत की कानडीत, ते मी वळून बघितलं नाही. संकेश्वर येईपर्यंत मी बडबडत होते, शिव्याही घातल्या. बाई मनगट चोळत होत्या.

दसऱ्याला पुन्हा तिथं जायचं मी साफ नाकारलं होतं. पण अण्णांचा फोन आला. "तुम्ही आला न्हाई तर मी पालखी काढत न्हाय. आन् पालखी न्हाय निघाली तर दोन्हीकडची पोरं आपापल्या मिरवणुका काढणार. तळ्यावर गाठ पडणार त्यांची." बाईंनी साडी बदलली. मग मी काय करणार? गाडी काढली.

तळ्याच्या बांधावर दोन फ्लेक्स उभे होते, रस्त्याच्या अलीकडं एक, पलीकडं एक. चित्रातनं चेहरा निघाला नाही म्हणून दोन्ही गटांनी आपापला धनी कम्प्युटरवर करून आणला होता. एकाला झुपकेदार मिशी आणि चंद्रकोर, दुसऱ्याला भस्माचे पट्टे आणि वेगळं पागोटं. दोघं समोरासमोर एकमेकांवर डोळे वटारून. बाई दोघांकडं बघून आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या.

"शालन, एकच माणूस आहे गं हा. नाक बघ, डोळे बघ. एकाच दुकानातनं केलेत दोघांनी."

मला हसू फुटलं, आणि तोंडावर पदर दाबायची वेळ आली, कारण दोन्हीकडच्या पोरांच्या हातांत झेंड्यांच्या काठ्या होत्या आणि झेंड्यांपेक्षा काठ्याच जाड होत्या. बंदोबस्तावरचा इन्स्पेक्टर सारखा घड्याळ बघत होता. सूर्य मावळायच्या आत पालखी तळ्यापर्यंत जायला हवी होती.

पालखी आली आणि दोन फ्लेक्सच्या मध्ये अडली. दत्ताचं म्हणणं, पहिलं कुंकू आमच्या फ्लेक्ससमोर लावायचं. बसूचं म्हणणं, आमच्या. भोई घामाघूम, अर्धे या गटाचे, अर्धे त्या. कुणीतरी पालखीचा दांडा ओढला, कुणीतरी परत ओढला. अण्णा मध्ये शिरले. "खाली ठेवा! हितंच ठेवा!" असं ओरडले आणि रस्त्याच्या मधोमध पालखी टेकवून घेतली. कुंकवाचं ताट घेतलं, चौकटीची काच उघडली, अंगठा बुडवला.

आणि अंगठा तसाच राहिला. चित्राच्या वर, वीतभर अंतरावर.

दोन्हीकडची माणसं पुढं सरकली. अण्णांच्या अंगठ्यावरनं तेलाचा तांबडा थेंब त्यांच्या मनगटावर ओघळला. त्यांनी मान वळवून बाईंना शोधलं. बाई गर्दीतनं पुढं गेल्या, मी त्यांच्या मागं.

"आता हितं कोण न्हाय हे म्हाईत झालंय, बाई," अण्णा म्हणाले. रडवेले झाले होते. "कुणाला लावू?"

मागं कुणीतरी ऐकलं आणि पुढं सांगितलं. अण्णा लावत न्हाईत. धनीच न्हाय म्हणत्यात. दत्ताच्या बाजूनं एकानं घोषणा सुरू केली, लगेच बसूच्या बाजूनं दुसरी. काठ्या वर झाल्या. इन्स्पेक्टरनं शिट्टी तोंडाला लावली.

"गेल्या वर्षी तरी कोण होतं, अण्णा?" बाई म्हणाल्या. "वडलांनी लावलं तेव्हा कोण होतं? लावा."

"हात होत न्हाय."

श्रावणापासून त्या बाईंनी तिळातिळानं ते कुंकू काढलं होतं. मान आखडली होती, डोळ्यांतनं पाणी यायचं, तरी हात लावू दिला नव्हता कुणाला. मी त्या कोऱ्या जागेवर भिंग धरलं तरी "श्वास लांब सोड" म्हणायच्या. त्या बाईंनी अण्णांचं मनगट धरलं आणि त्यांचा अंगठा खाली नेऊन त्या स्वच्छ पांढऱ्या कागदावर दाबला. चांगला दाबला. तेल पसरलं आणि मोत्यापर्यंत गेलं.

"थोरला धनी!" अण्णा सवयीनं ओरडले.

आणि सवयीनंच गाव ओरडलं. घोषणा त्यात बुडून गेल्या. कानडीत ओरडलं, मराठीत ओरडलं. एक म्हातारी लगेच पुढं आली, तिला दरवर्षीची घाई होती. तिच्यामागं तिच्या वयाचे दोघं. वयानं थोर आधी, ही रीत कुणी मोडली नाही. काठ्या घेतलेली पोरं वयानं लहान, त्यांचा नंबर शेवटी. ती काठ्या खांद्याला लावून रांगेत थांबली. दत्ता आणि बसू एकाच वर्षाचे, दोघं पुढंमागं उभे राहिले, एकमेकांकडं न बघता. फ्लेक्स तिथंच होते. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही; कमान आजही बिनचेहऱ्याची उभी आहे. पण त्या संध्याकाळी कुणाचं डोकं फुटलं नाही.

मी गाडीकडं वळले तर बाई बरोबर नव्हत्या. बघते तो त्या रांगेत. आपल्या वयाची माणसं बघून मधे उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा चित्रावर पुन्हा तांबडा थर चढला होता, कागद कुठंच दिसत नव्हता. बाईंनी चष्मा वर केला आणि घरी काम करताना वाकायच्या तशा अगदी जवळ वाकल्या. किती वेळ वाकून होत्या कोण जाणे. मग कुंकवात बोट बुडवलं, आणि जागा शोधून, जिथं उस्तादानं कपाळ काढलं असतं नेमकं तिथं, हलकेच टेकवलं.

"ओ आक्का," मागनं कुणीतरी ओरडलं, "सरका की म्होरं. खोळंबलोय आमी."

"सरकते बाबा," बाई म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.